मागाचं शेपूट

चिंचणीच्या जमना पागधरेला कुणी विचारलं, "बाय, तू बोईसरच्या कारखान्यात काय काम करतेस?" तर ती सांगते, "गाठी मारते." ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय काम झालं? मग जमनाबाय पदर खोचून विचारते, "दिवसात तीन हजार मारून दाखवशील? आनि त्यातली एक जरी सुटली तर सगळ्या खात्याच्या शिव्या खाशील? नाय ना? मग गप बस."

तर आधी हे काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मागावर कापड विणलं जातं ते उभ्या धाग्यांवर. हे धागे एका भल्यामोठ्या रुळावर गुंडाळलेले असतात, त्याला बीम म्हणतात. बीम संपत आलं की मागच्या बाजूला नवं बीम चढवायचं आणि जुन्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा बांधायचा. चादरीच्या कापडाला असे तीन हजारांवर धागे लागतात. जुना धागा फणीच्या दातांतून आधीच ओवलेला असतो, त्यामुळे गाठ मारून हळू ओढलं की नवा धागा त्याच्यामागून बिनबोभाट आत जातो. म्हणून मागवाल्यांत एक रीत आहे: माग खुशाल बंद ठेवा, पण जुन्या धाग्यांचं हातभर शेपूट फणीत राहू द्या. शेपूट कापलं की माग बोडका झाला. मग एकेक धागा पहिल्यापासून ओवत बसा चार-चार दिवस, आणि ओवणारे कारागीर तरी हल्ली मिळतात कुठे!

बावीस वर्षांपूर्वी जमना या कामाला आली तेव्हा तिला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या, पुंडलिकच्या, होडीवर घर भागेना, म्हणून ती चिंचणीहून टमटममध्ये बसून बोईसरला आली आणि सोळा मागांच्या एका छोट्या कारखान्याच्या, मागवाल्यांच्या भाषेत खात्याच्या, दारात उभी राहिली. तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा माणूस, रामनाथ. उत्तर प्रदेशातला, मिशीवाला, तोंडाचा फाटका. त्याने विचारलं, "गाँठ मारना आता है?"

जमनाला हसूच आलं. जिचा बाप जाळी विणत मोठा झाला, जिचा नवरा जाळी विणत म्हातारा व्हायचा, तिला हा विचारतो गाठ येते का! ती मागामागे बसली आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या गाठी मारून मोकळी झाली. रामनाथने दोन-चार ओढून बघितल्या. हत्तीने ओढल्या तरी सुटायच्या नाहीत अशा गाठी! खूश झाला बिचारा. माग सुरू केला मात्र, आणि जी तडतड सुरू झाली म्हणता! गाठी फणीच्या दातांत अडकायच्या आणि धागे पटापट तुटायचे. बाईने तीन हजार धाग्यांना तीन हजार जाळ्याच्या गाठी मारल्या होत्या. चांगल्या टपोऱ्या.

"मौसी," रामनाथ कपाळावर हात मारून ओरडला, "कपड़ा बुनना है, मछली नहीं पकड़नी!"

सगळं खातं पोट धरधरून हसलं. जमनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी कुणी असती तर उद्यापासून तोंड दाखवलं नसतं. ही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या टमटमने हजर. महिनाभर तिने मागवाल्यांची बारीक गाठ घोटवली. भात शिजेपर्यंत, मासळी वाळेपर्यंत, लग्नाच्या मांडवातसुद्धा, हातात शिवणाचा दोरा. पुंडलिकच्या सदऱ्याचा एक दोरा तिने शाबूत ठेवला नाही. महिन्याने तिने बीम बांधलं, आणि सव्वातीन हजार गाठी फणीतून अशा सरकल्या की रामनाथने खिशातला गुटखा तिच्यापुढे धरला. तिने तो नाल्यात फेकून दिला ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून त्या खात्यात जमनाबायच्या हाताखालून गेल्याशिवाय बीम चढलं नाही.

पुढे तिच्या जोडीला तानी आली. डोंगरातल्या वारली पाड्यावरची, बोईसरच्या कारखान्यांलगत सालवडला खोली घेऊन राहणारी, कमी बोलणारी. जमनाने तिला धागा उचलून द्यायला बसवलं आणि बघता बघता गाठही शिकवली. तानीची बोटं पातळ. "माझ्यापेक्षा झाक बांधते मेली," असं जमना तिच्या माघारी सांगायची, तोंडावर चुकूनही नाही.

आणि मग लढाई लागली.

आता कुठं ती लढाई आणि कुठं सालवड! मधे अख्खा समुद्र. जमना म्हणायची, "आमच्या होडीला काय त्यांची तोफ लागते?" पण लागली की हो. या खात्यातल्या पांढऱ्या सुती चादरी जहाजात बसून परदेशातल्या हॉटेलांत जायच्या. जहाजांची वाट बंद झाली, लांबच्या वाटेचं भाडं परवडेना. सोळा मागांचे दहा झाले, दहाचे चार. शेजारच्या रंगखात्याची भट्टी थंडावली. सालवडच्या चाळींत खोल्यांना कुलपं लागली, खानावळवाल्याने तवा उतरवला. खानदेशातून सूत घेऊन येणारा ट्रकवाला शेवटच्या खेपेला आला तेव्हा चहाही घेईना. म्हणाला, "मावशी, तिकडं सूतगिरणीच बंद पडली. कापूस घरात पडून पिवळा होतोय. माझ्या भावानं यंदा वावरात मका लावलाय. कापूस नको म्हणतो, पुन्हा नावच नको."

तरी सगळे एकाच आशेवर होते: लढाई थांबू दे, मग बघा. लढाई थांबली! त्या दिवशी खात्यात पेढे वाटले, रामनाथने रिकाम्या मागांना तेल घातलं. महिना गेला, दोन गेले, सहा गेले. गिऱ्हाईक काही फिरकलं नाही, उरलेले चार मागही थांबले. त्याने तेवढ्या वेळात दुसरं दुकान धरलं होतं. लढाईत मरायचं ते मरतंच, पण लढाई संपल्यावर मरतं त्याची कुठं बातमीसुद्धा येत नाही. जमनाला याचा फार राग यायचा आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही.

आषाढात एका सकाळी चिरागशेठ खात्यात आला. बापाच्या माघारी खातं तोच बघायचा. पोरगा वाईट नव्हता. लहानपणी जमनाच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी घरी न सांगता खायचा. आज त्याच्या हातात मोठी कातर होती.

"मावशी," तो खाली बघून म्हणाला, "माग भंगारात द्यायचं ठरवलंय. सगळे सोळा. भंगारवाल्याला मोकळं लोखंड पाहिजे. तुम्ही आणि तानी शेपटं कापून घ्या. दुसऱ्या कुणाला सांगायला मला बरं वाटेना."

तानी जमनाकडे बघायला लागली. जमनाने कातर घेतली नाही.

"शेठ, आमी पावसाळ्यात होडी वर ओढतो. दोन महिने बंदी असते. म्हणून काय होडी फोडून चुलीत घालतो?"

"बंदीला तारीख असते, मावशी. नारळी पौर्णिमा आली की तुमची होडी जाते. याला कुठे तारीख आहे?"

"तारीख नाय? मग मी देते!" जमनाचा आवाज चढला. "तीच घ्या, नारळी पुनव. तवर माग भरायला काम आलं नाय, तर हीच कातर मी माझ्या हाताने लावीन. कुणाला बोलवू नका. पण तवर एका धाग्याला हात लावायचा नाय."

चिरागने कातर खिडकीत ठेवली. "पौर्णिमेपर्यंत. त्याच्यापुढे एक दिवस नाही," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर रामनाथ म्हणाला, "मौसी, काम लाओगी कहाँ से?" जमना म्हणाली, "ते बघू." बोलून तर बसली! पण तिने आधी हातातलं काम केलं. बंद मागावरचं शेपूट आपोआप टिकत नाही. ताण गेला की धागे ढिले पडतात, उंदीर ओढतात, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागतो आणि फणीतून हळूहळू गळून जातात. तिने घरून जाळ्याचा निळा नायलॉनचा दोर आणला. मूठमूठ धाग्यांची जुडी करून, फणीच्या अलीकडे आणि पलीकडे, ती प्रत्येक जुडी मागाच्या दांडीला बांधत गेली. गाठ कुठली? जाळ्याची! तीच ती टपोरी. रामनाथ हसायला लागला, "फिर वही गाँठ?"

"तेव्हा धागा पुढे जायला पायजे होता," जमना म्हणाली, "आता तो जागचा हालायला नको हाय. मग हीच." रामनाथने मान डोलावली आणि उरलेल्या आठ मागांवर तिला दोर कापून दिला.

खातं बंद. तानी भाताच्या आवणीला पाड्यावर गेली. जमनाने सुक्या मासळीची पाटी उचलली. तिची सासू जायची तशी ती डोंगराकडच्या कासा गावच्या आठवडी बाजारात जाऊन बसू लागली, कारण पावसाळ्यात डोंगरात ओली मासळी पोचत नाही आणि सुक्या जवळ्यावर बायका तुटून पडतात. जवळा विकता विकता ती येईल त्याला विचारायची, "कापड लागतं का हो कुणाला?" लोक हसायचे. मासळीवालीकडे कापडाची चौकशी कोण करणार?

तिसऱ्या बाजारी तानी भेटली. शेजारीच दर्पण नावाच्या कापडवाल्याचं दुकान ताडपत्रीखाली मांडलेलं होतं. तानीला फडकी घ्यायची होती. डोंगरातल्या बायका लुगड्यावरून अंगाभोवती घेतात ते लाल काठाचं आखूड कापड. तिने एक उलगडलं, बोटांत चोळलं आणि परत टाकलं.

"सूत नाय यात," ती म्हणाली. "आवणीत घाम येतो, ही अंगाला चिकटते. चुलीजवळ गेलं की ठिणगीनं भोक पडतं. पोर बांधून घेतलं तर पोराला पुरळ उठतो."

"अगं बाई, सुती मिळतच नाही!" दर्पण वैतागून म्हणाला. "वर्षभर हेच ऐकतोय. बायका हात लावतात आणि टाकून जातात. दोन ठिकाणी विचारलं मी. ते म्हणतात, ट्रकभर घ्या, नाहीतर महिनाभर थांबा. ट्रकभर घेऊन मी काय पांघरू?"

तानीचं एवढं लांब बोलणं जमनाने आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. ती जवळ्याचं माप हातात धरून तशीच बसून राहिली. बावीस वर्षं आपण गाठी मारल्या, चादरी सातासमुद्रापार गेल्या, आणि शेजारी बसून धागा उचलून देणाऱ्या बाईच्या अंगावर सुताची फडकी नव्हती! तिला स्वतःचीच लाज वाटली. मग लाज बाजूला ठेवून ती उठली.

"दर्पणभाय, पुढच्या बाजारी वीस फडक्या आणून दिल्या तर?"

"कुठून आणणार?"

"ते माझं मी बघते. तुमी घेनार का, ते बोला."

दर्पणने मासळीच्या पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "आणा," म्हणाला. "खपल्या तर पौर्णिमेच्या सकाळी मी स्वतः बोईसरला येऊन पुढचं बोलतो. नाही खपल्या तर तुमचा माल तुम्हाला परत."

चिरागने ऐकलं आणि डोकं धरलं. "मावशी, आपण परदेशी माल करणारे. वीस फडक्या?"

"परदेशाने काय दिवे लावले ते दिसले ना?" जमना म्हणाली. "गोदामात पांढऱ्या धाग्याची भरलेली दोन बीमं हायत. काठापुरतं लाल सूत शेजारच्या रंगखात्यात पडलेलं मी बघितलंय. एक माग द्या, एक दिवस द्या."

तो 'हो' म्हणाला, बहुधा तिच्याशी वाद घालायला नको म्हणून. पण एक गोष्ट त्यालाही माहीत होती. आजूबाजूच्या खात्यांनी शेपटं कापून माग केव्हाच बोडके केले होते, आणि धागे ओवणारे गावी गेले होते. अख्ख्या पट्ट्यात कुणाला उद्या माग चालू करायचा झाला असता, तर तो फक्त याच खात्यात झाला असता.

सकाळी सातला दोघी बसल्या. एका कडेने जमना, दुसऱ्या कडेने तानी. निळ्या दोराच्या जुड्या एकेक सोडायच्या, धागा उचलायचा, बांधायचा, पुढचा. रामनाथने काठाचा लाल धागा कांड्यांवर भरून मागे टांगला. पांढऱ्या शेपटाच्या दोन्ही कडांना लाल गाठी दिसायला लागल्या. दुपारी भाकरी खाल्ली ती पाच मिनिटांत. जमनाच्या पाठीत कळ यायला लागली, डोळ्यांपुढे धागे नाचायला लागले, पण हात चालू होता. तिने एकदा मान वर केली आणि बघितलं, तानी मधली खूण ओलांडून आली होती. तिच्या वाटणीचे धागे बांधत होती.

"माझं काम चोरतेस होय गं?" जमना म्हणाली.

"तू हळू झालीस बाय," तानी खाली बघत म्हणाली.

जमना इतकी हसली की तिला पुन्हा धागा शोधावा लागला. बाहेर उजेड होता तोवरच शेवटची गाठ पडली. रामनाथने हाताने रूळ फिरवून सगळ्या गाठी फणीतून पुढे ओढल्या. एकही तुटली नाही. मग त्याने माग सुरू केला. कित्येक आठवड्यांनी त्या खात्यात खडखडाट झाला, तेव्हा समोरचा चहावाला किटली तशीच हातात घेऊन धावत आला.

वीस फडक्या बाजारात गेल्या. आता नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते, आणि दर्पणकडून काही कळलं नव्हतं. पुंडलिक होडीला रंग लावत होता. म्हणाला, "अगं, माझी होडी समुद्रात जायची, तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलीस."

"घाबरत नाय," जमना म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "घाबरते. कातर लावीन म्हणून बोलले हाय मी."

पौर्णिमेच्या सकाळी ती नवं लुगडं नेसून खात्यात आली. चिराग होता. रामनाथ होता, त्याचं गावचं तिकीट काढून झालं होतं. तानी पाड्यावरून आली होती. दाराशी भंगारवाल्याचा टेम्पो लागला होता. दर्पणचा पत्ता नव्हता. नऊ वाजले, दहा वाजले. चिरागची नजर खिडकीतल्या कातरीकडे गेली. जमना उठली आणि तिने कातर आपणच घेतली. बोललं ते बोललं. पहिल्या मागाशी जाऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

"शेठ, जाळ्यातून मासा गेला तर मी नाय रडत," ती म्हणाली. "हे जाळंच कापायचंय." आणि तिने कातर लावली. दुसऱ्या मागाला लावली. तिसऱ्याला. पांढरे धागे फरशीवर पडत गेले. दहावा माग बोडका झाला तेव्हा दारात मोटारसायकल थांबली.

दर्पण चिखलाने माखलेला होता. "वाटेत घाटात झाड पडलं होतं," तो धापा टाकत म्हणाला. "मावशी, तासाभरात संपल्या हो! बायका भांडल्या माझ्याशी, आणखी का नाही आणल्या म्हणून. तलासरीचे, विक्रमगडचे दुकानदारही मागतायत. दोनशे द्या पुढच्या बाजारी. मग दर बाजारी."

चिराग हिशेब करत असावा, कारण त्याने फडक्यांच्या मागाकडे बघितलं, मग न कापलेल्या पाचांकडे. सोळा मागांचं ते काम नव्हतं. सहा मागांचं नक्की होतं.

"दहा जाऊ देत," तो भंगारवाल्याला म्हणाला. "हे सहा ठेवायचेत." मग जमनाकडे वळून म्हणाला, "मावशी, ठेवा आता ती कातर."

"का म्हणून? पुनवेला कातर लावीन म्हणले होते," जमना म्हणाली. "लावते."

ती अकराव्या मागाशी गेली. रामनाथ गोदामातलं दुसरं बीम आणायला पळाला. तिने कातर चालवली आणि फणीच्या मागच्या बाजूची, निळ्या दोराची, जाळ्याची एक टपोरी गाठ कापली. मग दुसरी. जुडी सुटली, आणि जपून ठेवलेले पांढरे धागे मोकळे होऊन तिच्या हातावर आले. तिने त्यातला एक उचलला, बसायचं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि तानीला म्हणाली,

"बस. आजपासनं गाठ तू मारायची. मी धागा देते."